सातबाऱ्यावर फुफीचे नाव नाही

१९ नोव्हेंबर २०२५ रोजी पीएम-किसानचा एकविसावा हप्ता सुटला. कार्यक्रम कोइम्बतूरला होता, मेसेज आमच्या कात्रजच्या घरात वाजला. अब्बांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. "बघ गं, किती आलेत." दोन हजार आले होते. दर चार महिन्यांनी येतात तेवढेच.

अब्बा तीसेक वर्षांपासून पुण्यात आहेत. आधी रिक्षा चालवली, मग एका गॅरेजात लागले. औत शेवटचे कधी धरले हे त्यांना आठवत नाही. पण सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातल्या आमच्या तीन एकरांच्या सातबाऱ्यावर त्यांचे आणि चाचांचे नाव आहे, त्यामुळे सरकारदरबारी ते शेतकरी आहेत. त्या तीन एकरांत पहाटेपासून राबते ती माझी फुफी. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली, त्याला आता बरीच वर्षे झाली. ज्वारी तीच पेरते, बटाट्याची लागण तीच करते, रात्रीची लाइट असेल तर रात्री उठून पाणी तीच धरते. तिच्या खात्यावर पीएम-किसानचा एक रुपयाही कधी आलेला नाही.

अब्बांची ई-केवायसी मीच केली होती. ॲप उघडले, त्यांचा चेहरा कॅमेऱ्यासमोर धरला, दोन मिनिटांत काम झाले. तेव्हा मला फुफी आठवली नाही. हे लिहिताना मान खाली जाते, पण लिहायला हवे. कारण रविवारी आपल्या मदत केंद्रावर बसते तेव्हा हीच गोष्ट वेगवेगळ्या आडनावांनी समोर येत असते.

कात्रजला राहणाऱ्यांना गाव फार लांब नसते. घाट उतरून येणाऱ्या एसटीतून साताऱ्याची, सांगलीची, कोल्हापूरची माणसे इथेच चौकात उतरतात आणि संतोषनगरपासून कोंढव्यापर्यंत खोल्या करून राहतात. नोकरी इथे, रेशनकार्ड इथे, कुठेतरी दीड एकर, कुठेतरी वीस गुंठे गावी. आपल्या वाचकांपैकी कितीतरी मुलामुलींनी ती जमीन ईदला गेल्यावर लांबून पाहिलेली असते. ती कोणाच्या नावावर आहे, असे विचारले तर उत्तर येते, "घरच्यांच्या." म्हणजे नेमके कोणाच्या? इथे बहुतेक जण गप्प होतात.

पीएम-किसानला मात्र हे नेमके हवे असते. फेब्रुवारी २०१९ मध्ये ही योजना सुरू झाली आणि डिसेंबर २०१८ पासून लागू धरली गेली. वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत, थेट खात्यात. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना होती, त्याच वर्षी जूनपासून सर्व जमीनधारक कुटुंबांना लागू झाली. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुले. आयकर भरणारे, सरकारी नोकर, दहा हजार किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारे, डॉक्टर, वकील, इंजिनियर असे व्यावसायिक वगळलेले आहेत. शिपाईपदासारख्या चतुर्थ श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांना मात्र सवलत आहे. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात त्यात आपले ६,००० घातले. नमो शेतकरी महासन्मान निधीचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ ला शिर्डीत वाटला गेला. दोन्ही मिळून वर्षाचे १२,०००.

केंद्रावर येणारे काही तरुण योजनेचे नाव ऐकूनच नाक मुरडतात. कोणाचा फोटो आहे, कोणाच्या नावाने आहे यावर त्यांचा राग असतो. राजकीय मत ज्याचे त्याचे. पैसा मात्र तिजोरीतला आहे. त्या तिजोरीत आपल्या काडेपेटीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंतचा कर जातो. हक्काची रक्कम रागाने सोडून देण्याइतकी आपली ऐपत नाही.

या योजनेत किमान जमिनीची अट नाही. दहा एकरवाल्याला सहा हजार, वीस गुंठेवाल्यालाही सहाच हजार. मोठ्या बागायतदाराला ही रक्कम कळतही नाही. वीस गुंठेवालीच्या घरात त्यात बियाणे आणि खताचे एखादे पोते येते. म्हणूनच लहान तुकड्यावर कोणाचे नाव आहे याला फार महत्त्व आले आहे. योजना विचारते ते एकच: १ फेब्रुवारी २०१९ ला जमिनीच्या कागदावर नाव होते का? त्यानंतर विकत घेतलेली किंवा बक्षीस मिळालेली जमीन चालत नाही. अपवाद एकच, खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसाने आलेली जमीन. कोण नांगरते, कोण खुरपते, हा प्रश्न अर्जात कुठेच नाही.

आता आमच्या घरातला हिशेब सांगते. आमचे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, वारले तेव्हा मागे दोन मुलगे आणि एक मुलगी होती. दादी आधीच गेली होती. तीन एकर म्हणजे १२० गुंठे. मुलाला दोन वाटे, मुलीला एक, या हिशेबाने फुफीचा पाचवा हिस्सा, २४ गुंठे. वारस नोंदीत तिचे नाव लागलेही होते. वर्षभराने घरात ठरले की, "कशाला उगाच तीन नावे, बँकेचे काम अडते." एका दुपारी तिला तालुक्याला नेले, हक्कसोडपत्रावर अंगठा आणि सही घेतली, येताना भजी खाल्ली. ती फार समाधानाने हसत होती असे अम्मी सांगते. मी तेव्हा शाळेत होते. त्या सहीच्या बदल्यात तिला एक रुपया मिळाला नाही, आणि तिने मागितलाही नाही.

ती सही झाली नसती तर २४ गुंठ्यांवर फुफी स्वतंत्र खातेदार असती. विधवा बाई, स्वतःचे कुटुंब वेगळे, पूर्ण सहा हजारांना पात्र. एकवीस हप्ते म्हणजे केंद्राचेच ४२,००० रुपये. शिवाय यातून अब्बांचे किंवा चाचांचे काहीही कमी झाले नसते. त्यांचे हप्ते त्यांना मिळालेच असते. बहिणीचे नाव खोडून भावांना या योजनेत एक पैसाही जास्त मिळालेला नाही. तिचे गेले, एवढेच झाले.

आणि आता परत आणायचे म्हटले तर? सही करायला एक दुपार पुरली, उलट्या रस्त्याला तसे नाही. भावाने बहिणीला बक्षीसपत्र करायचे तर मुद्रांक शुल्क लागते, तुकडेबंदी कायद्यात बसते का ते पाहावे लागते. एवढे करून नाव लागले तरी ते २०१९ नंतर लागलेले नाव, तेही वारसाने नव्हे. पीएम-किसानसाठी त्याचा उपयोग नाही. मी हे सगळे वकिलाला विचारून आले आणि अब्बांना सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेव्हा कुणाला ठाऊक होतं गं, असे पैसे येणार म्हणून." खरे आहे. पण पैसे येणार नव्हते म्हणून नाव काढायला हरकत नव्हती, असाही त्याचा अर्थ होतो. ते मी बोलले नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये एकोणिसावा हप्ता गेला तेव्हा सरकारने सांगितलेला आकडा असा: ९ कोटी ८० लाखांहून अधिक लाभार्थी, त्यांत २ कोटी ४१ लाख स्त्रिया. म्हणजे साधारण चौथा हिस्सा. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटीच्या खात्यांपैकी सुमारे १४ टक्केच स्त्रियांच्या नावे होती. शेतात वाकलेल्या पाठी मोजा म्हटले तर कोणीही सांगेल की निम्म्याहून जास्त बायकांच्या असतात. हे सगळ्यांच्याच घरचे आहे, फक्त आपल्या नव्हे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्तीची मोहीम काढली होती ती याच दुखण्यावर. बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावा म्हणून गावोगावी सभा झाल्या आणि १९९२ मध्ये शासनानेही त्यासाठी निर्णय काढला. आपल्याकडे तर मुलीचा वाटा सांगायला मोहीमही लागू नये. तो अर्धा का असेना, ठरलेला आहे, आणि मौलवीसाहेबांपासून गल्लीतल्या पोरापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ आहे. तोंडपाठ असलेले कागदावर उतरवायची वेळ आली की मात्र बहिणीचे मन मोठे असल्याची आठवण होते.

कोणी शिकलेला माणूस मध्येच सांगतो की १९३७ च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, त्यामुळे मुलीला शेतात वाटा नाही. पहिले वाक्य खरे आहे, दुसरे त्यातून निघत नाही. गावी वारस नोंद होते तेव्हा मुस्लीम मुलींची नावेही लागतात. आमच्या फुफीचे लागलेच होते. ते कायद्याने गेले नाही, आम्ही काढले.

नावाचा दुसरा घोळ स्पेलिंगचा. जुन्या सातबाऱ्यावर आपली माणसे "हुसेन वल्लद दादाभाई" अशी असतात, बायका "अमुकबी भ्रतार तमुक" अशा. आधारवर तेच नाव आडनावासह, आणि आडनाव कधी शेख, कधी मुलाणी. महंमद, महमद, मोहम्मद हे तिघे एकाच घरात एकच माणूस असतात. संगणकाला ते तीन वाटतात. मग हप्ता अडकतो आणि माणूस समजतो की आपले नाव मुद्दाम कापले. कधी कोणाची नियत वाईट असेलही, पण आमच्या टेबलावर आलेल्या बहुतेक प्रकरणांत मूळ दुखणे वल्लद आणि आडनावाचेच निघाले. संगणकीकरणात झालेली चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्ती मागता येते. वारस, हक्क, इनाम, तहसील, महसूल, बक्षीस, हे सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आलेले. आपल्याच पणजोबांची नावे त्या कागदात नीट बसू नयेत, याची गंमत वाटते आणि वाईटही वाटते.

मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या इनाम जमिनी कसणाऱ्या मुजावर-मुलाणी कुटुंबांचे दुखणे आणखी वेगळे. देवस्थान इनाम वर्ग ३ ची जमीन संस्थेच्या नावे असते आणि पीएम-किसानमध्ये संस्थात्मक जमीनधारक वगळलेले आहेत. चार पिढ्या कसली तरी त्या जमिनीवर हप्ता नाही. खंडाने किंवा वाट्याने करणाऱ्यालाही नाही. कूळ कायद्याच्या धास्तीने मालक लेखी काही देत नाही, त्यामुळे त्याचा कागदच नसतो. ओडिशाने त्याच सुमारास कालिया योजना आणली तेव्हा वाटेकरी आणि भूमिहीन शेतमजूर कुटुंबेही त्यात घेतली होती. म्हणजे कसणाऱ्याला मोजणे अशक्य नव्हते. आपल्याकडे सोपा रस्ता निवडला, कागद पाहून पैसे वाटायचा. आणि कागद पाहूनही काय झाले? वीस लाखांहून अधिक अपात्र खात्यांत १,३६४ कोटी रुपये गेल्याचे २०२१ च्या सुरुवातीला माहिती अधिकारातून बाहेर आले. त्यांत आयकर भरणारेच बरेच होते.

दुधाचे अनुदान मला म्हणूनच आठवते. कात्रज म्हटले की पुण्यात आधी दूध डोळ्यांसमोर येते, पुणे जिल्हा संघाच्या डेअरीमुळे. २०२४ मध्ये दर पडले तेव्हा राज्याने गाईच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान दिले. ऑक्टोबरपासून संघांनी २८ द्यायचे आणि सरकारने ७ घालायचे असे ठरले. त्यात सातबारा लागत नव्हता. गाईच्या कानाला बिल्ला हवा, दूध घालणाऱ्याचे आधार आणि बँक खाते हवे. फुफीची एक गाय आहे आणि गावच्या डेअरीवर दूध ती स्वतःच्या नावाने घालते. दिवसाला सहा लिटर धरले तर सात रुपयांनी महिन्याचे १,२६० होतात. दोन महिन्यांतच अब्बांच्या हप्त्यापेक्षा जास्त. पैसे उशिरा आले, फेऱ्या माराव्या लागल्या, योजना मुदतीची होती ती संपली. तरी त्या पैशाचा मेसेज तिच्या मोबाइलवर आला होता. तो तिने पुसलेला नाही. मी गेले की दाखवते.

केंद्रावर यावर एक मुलगा हुज्जत घालत होता. म्हणाला, "ताई, फुफीला लाडकी बहीणचे दीड हजार मिळतातच ना? नाव लागून नमो आणि किसानचे महिन्याला हजार आले, तर लाडकी बहीणचे पाचशेच राहतील. गोळाबेरीज तीच." हिशेब बरोबर आहे त्याचा, नियम तसाच आहे. पण लाडकी बहीण जुलै २०२४ पासूनची आणि ६५ वर्षांपर्यंतची. फुफी आता ५८ वर्षांची आहे. सात वर्षांनी ते पैसे थांबतील, शेतातले काम थांबणार नाही. शिवाय गोष्ट आता एका हप्त्यापुरती उरलेली नाही. एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो, आणि तो सातबारा आधारला जोडूनच मिळतो. अतिवृष्टीची मदत खातेदाराच्या खात्यात येते, पीककर्जाला उतारा लागतो. कागदावर नाव नसलेल्या बाईला यापुढे सरकार शेतकरी म्हणून ओळखणारच नाही. आमच्या बटाट्याचे पावसाने नुकसान झाले तर पंचनामा अब्बांच्या नावाने होईल. ते त्या वेळी कात्रजला गॅरेजात असतील.

तेव्हा ज्यांच्या घरात अजून सही झालेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आजोबा वारले असतील आणि सातबाऱ्यावर अजून त्यांचेच नाव असेल, तर वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांत करायचा असतो. उशीर झाला असेल तरी करा. तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे तो देता येतो, ई-हक्कवर घरबसल्याही भरता येतो. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावे लागतात. "सगळ्या" या शब्दावर बोट ठेवा. लग्न होऊन गेलेल्या मुलीही त्यात येतात. नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. २०२५ मध्ये बुलढाण्यातून सुरू होऊन राज्यभर पसरलेली "जिवंत सातबारा" मोहीम याच कामाची होती, मयतांची नावे काढून वारसांची लावायची. तुमच्या गावात त्या मोहिमेत काय नोंद झाली ते पाहून घ्या. घाईत लागलेल्या नोंदीत फक्त भावांची नावे गेली असतील तर आत्ताच हरकत घेतलेली बरी. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत निघतो. आपल्या पोरांच्या एका चहाबिस्किटाचे पैसे.

भावांना एक गोष्ट सांगते. बहिणीचे नाव ठेवल्याने तुमचा हप्ता कमी होत नाही. तिच्या नवऱ्याच्या नावे आधीच शेती असेल तर तिला वेगळा हप्ता मिळणार नाही, कारण कुटुंबात एकालाच मिळतो. गेल्या वर्षी नवरा-बायको दोघांच्या नावे घेतल्याच्या संशयावरून बरेच हप्ते रोखलेही गेले. हे तिला आधी सांगा, म्हणजे नंतर वसुलीची नोटीस आली तर घरात भांडण नको. पण हप्ता मिळो न मिळो, नाव राहू द्या.

आता अब्बा दर हप्ता आला की फुफीला पाठवतात. पहिल्यांदा पाठवला तेव्हा तिचा फोन आला. रागावली नव्हती. म्हणाली, "भाई, तुझे पैसे तू ठेव. खताची पिशवी आणलीस तरी चालेल. पण त्या कागदाचं काय ते पोरीला विचारून सांग." पोरगी म्हणजे मी. मी वकिलाकडे गेले ते त्या फोननंतर. बक्षीसपत्राचा खर्च किती येतो ते आता काढले आहे. हप्ता तिला मिळणार नाही हे तिला सांगितले. ती म्हणाली, नसू दे. चाचांची सही बाकी आहे. ते या उन्हाळ्यात मुंबईहून गावी येणार आहेत.

आणि अब्बांच्या नंतर काय? आम्ही दोन बहिणी आणि एक भाऊ. गेल्या महिन्यात जेवताना मी हा विषय काढला तर भाऊ म्हणाला, "आपल्यात कशाला असलं कागदाचं?" मी त्याला फुफीचा सातबारा दाखवला, तिचे नाव कंसात गेलेला जुना फेरफारही दाखवला. त्याने मोबाइलवर मोठा करून वाचला. मग त्याने विचारले, "हिने सही का केली पण?" अम्मीने ताटे उचलली.

येत्या रविवारी सकाळी दहापासून आम्ही नेहमीच्या ठिकाणी आहोत. येताना आधार, बँकेचे पासबुक आणि गावच्या खात्याचा आठ-अ उतारा आणा. आजोबा वारले असतील तर त्यांचा दाखलाही. आणि जमल्यास फुफीला सोबत आणा.